जिमखान्याची पत्रपेटी : यंदा आपल्या कॉलेजचा संघ कुठवर जाईल?

कॉलेजं सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो : बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या संघांचं यंदा काय होणार? या वेळची पत्रं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची आहेत. जागेअभावी ती थोडी आखूड केली आहेत. नावं दिलेली नाहीत, कारण दोघातिघांनी आपल्याच प्राचार्यांविषयी लिहिलं आहे!

गेल्या वर्षी आमच्या मुलांच्या बास्केटबॉल संघानं स्पर्धेतले आणि मैत्रीपूर्ण धरून पाच सामने खेळले, त्यातले चार जिंकले आणि विभागीय उपांत्य फेरीत हरलो. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी 'यंदा अंतिम फेरी नक्की' असं सांगून बसलो. घाई झाली का?
— क्रीडाशिक्षक, गुहागर तालुका

झाली. पाचात चार म्हणजे ८० टक्के हे गणित म्हणून बरोबर आहे, पण पाच सामने ही फार लहान पुंजी आहे. एखाद्या सामन्यात समोरच्यांचा मुख्य खेळाडू एसटी चुकल्यामुळे आला नसेल, तरी हा आकडा वीस टक्क्यांनी हलतो. म्हणून एक साधी सवय लावून घ्या. मिळालेल्या निकालांत दोन विजय आणि दोन पराभव आपल्या पदरचे घाला. चाराचे सहा होतील, पाचाचे नऊ. सहा भागिले नऊ म्हणजे ६७ टक्के. सामने जितके जास्त, तितका या भरीचा परिणाम आपोआप कमी होतो. वीस सामन्यांत सोळा जिंकले असतील तर उत्तर ७५ टक्के येतं.

हा झाला गेल्या वर्षीच्या संघाचा हिशेब. यंदा त्यातलं कोण उरलं? इथे खेळाडूंची डोकी मोजू नका, मिनिटं मोजा. बास्केटबॉलचा सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे एका संघाची एकूण २०० मिनिटं. समजा गेल्या वर्षी आठ जण आलटूनपालटून खेळले आणि प्रत्येकाची सरासरी मिनिटं ३४, ३१, ३०, २७, २४, २२, १८ आणि १४ अशी होती. ३४ आणि २७ मिनिटंवाले दोघं टीवाय संपवून गेले. १८ मिनिटंवाल्यानं मुंबईत प्रवेश घेतला. गेली ७९ मिनिटं, उरली १२१, म्हणजे साधारण ६० टक्के. डोकी मोजली असती तर 'आठातले पाच आहेत की' असं वाटलं असतं.

आता ६७ मधला पन्नासाच्या वरचा भाग, म्हणजे १७, याचे ६० टक्केच पुढे न्या. ते होतात १० आणि थोडे. म्हणजे एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास. नवीन येणारे गेलेल्यांइतकेच चांगले असतील हे सिद्ध होईपर्यंत त्यांना सरासरी समजा.

आणि स्पर्धा बाद पद्धतीची. अंतिम फेरीत पोचायला तीन सामने जिंकावे लागत असतील तर ०.६ × ०.६ × ०.६ म्हणजे सुमारे २२ टक्के. पाच वेळा खेळवली तर एकदा. प्राचार्यांना 'नक्की' सांगण्याजोगं हे नाही. चिठ्ठ्यांत पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, मिळाली तर हाच आकडा ३६ टक्के होतो. संघ तोच, मुलं तीच, फक्त चिठ्ठी वेगळी निघाली. म्हणून ड्रॉ हाती येण्याआधी फेरीचा अंदाज लेखी देऊ नये. तोवर एका सामन्यातल्या शक्यतेवरच थांबा.

एक पुस्ती जोडतो. गेलेल्या तिघांतला एक चेंडू वर आणणारा असेल तर ६० टक्के हा आकडाही उदार आहे. आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेणारं माणूस कोकणातल्या कॉलेज संघांत बहुधा एकच असतं, आणि ते गेलं की उरलेल्या चौघांची मिनिटंही निम्म्या किमतीची होतात.

जिमखान्याच्या कपाटात गेल्या तीन वर्षांच्या स्कोअरशीट सापडल्या. थोडी वाळवी लागली आहे, पण वाचता येतात. यांतून अंदाजासाठी काय काढता येईल?
— जिमखाना सचिव (विद्यार्थिनी), रत्नागिरी

बरंच काही निघतं, पण सगळं नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या शीटवर उजवीकडे १ पासून सुरू होणारे आकड्यांचे रकाने असतात. आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा क्रमांक, म्हणजे बास्केट. तो क्रमांक गोलात असेल तर तीन गुणांची. आकड्यावर ठसठशीत भरीव टिंब असेल तर तो फ्री थ्रो, म्हणजे समोरच्यांच्या फाऊलबद्दल मिळालेली एका गुणाची मोकळी फेक. म्हणजे दोनच्या, तीनच्या आणि फ्री थ्रोच्या यशस्वी फेकी तिथून सरळ मोजता येतात.

फ्री थ्रो किती चुकले हे तिथे दिसत नाही, पण ते समोरच्या संघाच्या फाऊलच्या चौकटींत दडलेलं असतं. नुसतं पी लिहिलं असेल तर फ्री थ्रो नाही. पी१, पी२, पी३ असं असेल तर तितके फ्री थ्रो मिळाले. तांत्रिक आणि इतर फाऊलनाही असाच आकडा जोडलेला असतो, प्रशिक्षक-बेंचच्या ओळीत असेल तर तोही धरा. बारीक सी जोडलेला असेल तर ती शिक्षा रद्द झालेली आहे, ती सोडा. सगळे आकडे बेरजेला घ्या : मिळालेले फ्री थ्रो तयार.

चुकलेले शॉट, रीबाउंड (शॉट चुकल्यावर परत आलेला चेंडू पकडणं) आणि गमावलेले चेंडू मात्र या शीटवर नसतात. त्यासाठी यंदा बाकावर दोन जणांना वेगळी वही देऊन बसवा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. एकटा माणूस लिहायला बसला की पाचव्या मिनिटाला तो सामना बघायला लागतो आणि रीबाउंड निसटतात. वहीत रकाने सहाच ठेवा : शॉट मारला, पडला, तीनचा होता का, आपल्या आक्रमणातला रीबाउंड, बचावातला रीबाउंड, गमावलेला चेंडू. फ्री थ्रो शीटवरून मिळतातच.

मग ताबे मोजायचे. ताबा म्हणजे चेंडू आपल्याकडे आल्यापासून जाईपर्यंतचा एक डाव. सूत्र असं : मारलेले शॉट, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४, वजा आक्रमणातले रीबाउंड, अधिक गमावलेले चेंडू. ०.४४ कशासाठी? कारण फ्री थ्रो बहुधा जोडीनं मिळतात आणि ताबा त्यातल्या शेवटच्यानंच संपतो. बास्केट पडून वर मिळालेल्या एका फ्री थ्रोनं तर वेगळा ताबा होतच नाही.

उदाहरण करून बघू. तुमच्या संघानं ५८ शॉट मारले, २३ पडले, त्यातले ४ तीनचे. फ्री थ्रो १८ पैकी ११. आक्रमणातले रीबाउंड १२, गमावलेले चेंडू १९. गुण ६१. ताबे : ५८ + ७.९ − १२ + १९ = ७२.९, म्हणजे ७३. समोरच्यांनी जवळपास तितक्याच ताब्यांत ६६ केले आणि तुम्ही पाच गुणांनी हरलात.

कशामुळे? अमेरिकन विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी निकाल ठरवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आणि त्यांना ढोबळ वजनं दिली : शॉटची अचूकता ४० टक्के, चेंडू गमावणं २५, आक्रमणातले रीबाउंड २०, फ्री थ्रो १५. अचूकता काढताना तीनच्या बास्केटला दीडपट मोजायचं : २३ अधिक २, भागिले ५८, म्हणजे ४३ टक्के. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण १९ चेंडू ७३ ताब्यांत गेले, म्हणजे २६ टक्के. दर चौथ्या वेळी चेंडू शॉट न मारताच दुसऱ्याच्या हातात. न गमावलेल्या ५४ ताब्यांत ६१ गुण झाले, म्हणजे एका ताब्याला १.१३. त्या एकोणीसचे चौदा झाले असते तर पाच ताबे वाढले असते, साडेपाचच्या वर गुण मिळाले असते, आणि सामना बरोबरीच्या पुढे गेला असता.

ऑलिव्हर यांची वजनं व्यावसायिक बास्केटबॉलच्या आकड्यांतून आलेली आहेत. आमच्या मते आपल्याकडच्या कॉलेज सामन्यांत चेंडू गमावण्याचं वजन याहून जास्त धरायला हवं. शॉट सुधारायला दोन वर्षं लागतात. पास चुकणं दोन महिन्यांत कमी होतं. म्हणून यंदाच्या अंदाजात वाढीला जागा ठेवायची असेल तर ती तिथे ठेवा, अचूकतेत नको.

घरच्या कोर्टावर आमचे शॉट पडतात, बाहेर गेलो की हवेत जातात. मुलं म्हणतात दडपण. सरावातले टक्के अंदाजाला वापरावेत का?
— माजी खेळाडू, आता प्रशिक्षणाला मदत करणारे, अलिबाग

दडपणाचा विचार नंतर, आधी टेप आणा. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी. खांबाचा पाया खचला असेल किंवा रिंग पुढून झुकली असेल तर पुढची कड तीन-चार सेंटिमीटर खाली येते. समुद्राजवळ हे हमखास होतं, कारण खारी हवा आधी खाते ते बोर्डामागचे बोल्ट. रिंगला लटकून झोके घेणारी मुलं उरलेलं काम करतात. झुकलेल्या रिंगवर सपाट फेकही आत जाते आणि मुलांच्या हाताला तीच सवय लागते. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, तोही तपासा.

मग रेघा. तीन गुणांची रेघ बास्केटच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर असते. २०१० पर्यंत ती ६.२५ वर होती. तुमच्या कोर्टावर बास्केटखालचा पट्टा आयताऐवजी खाली रुंद होत जाणारा दिसत असेल, तर रंगारी जुन्याच रेघांवरून ब्रश फिरवत आला आहे, आणि तीनची रेघही अर्धा मीटर जवळच असणार.

शेवटी चेंडू. त्याची खालची बाजू १.८० मीटरवर येईल असा धरून सोडा. उसळल्यावर वरची बाजू १.२० ते १.४० मीटरच्या दरम्यान यायला हवी. खडबडीत सिमेंटवर झिजलेला चेंडू बुळबुळीत होतो. बाहेरच्या सामन्यात नवा चेंडू हातात आला की पहिलं सत्र त्याच्याशी ओळख होण्यातच जातं.

हे सगळं नीट केल्यावर सरावाचे टक्के वापरा, पण ५० फेकींवर विसंबू नका. खरोखर ६० टक्के पाडणारा मुलगा ५० फेकींत ५३ ते ६७ टक्क्यांत कुठेही दिसू शकतो, आणि तेही नेहमीच्या दिवशी. दोनशे फेकी आठवड्याभरात विभागून घ्या, आणि दर दहा फेकींआधी कोर्टाच्या दोन धावा करायला लावा. ताज्या दमानं मारलेले फ्री थ्रो चौथ्या सत्राबद्दल काहीच सांगत नाहीत.

फुटबॉल. गेल्या वर्षी सहा सामन्यांत १३ गोल केले, ३ खाल्ले. तरी आमचे सर म्हणतात, 'यावर जाऊ नका.' का जाऊ नये?
— एसवायचा विद्यार्थी, कुडाळ

सर बरोबर आहेत. गोल ही फुटबॉलमधली दुर्मीळ गोष्ट, आणि दुर्मीळ गोष्टींच्या मोजणीत नशीब फार शिरतं. म्हणून गोलांऐवजी गोलसाठी मारलेले सगळे फटके मोजा. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये साधारण दहा फटक्यांना एक गोल होतो, आणि दहातले तीनच नेमक्या दिशेनं जातात. कॉलेज पातळीवर गोलरक्षक कच्चे असतात, तेव्हा शंभराला बारा धरू.

समजा तुमच्या १३ गोलांमागे ६२ फटके होते. बाराच्या हिशेबानं सात-साडेसात व्हायला हवे होते. समोरच्यांनी तुमच्यावर ४८ मारले आणि फक्त ३ आत गेले, हिशेबानं साडेपाच-सहा हवे होते. म्हणजे दोन्ही टोकांना दैव तुमच्या बाजूनं होतं. स्ट्रायकर आणि गोलरक्षक खरोखरच चांगले असतील, म्हणून सगळं श्रेय काढून घेऊ नका. मधला आकडा घ्या : केलेले दहा, खाल्लेले साडेचार. हा संघ चांगलाच आहे, पण तेरा-तीनवाला नाही.

हे सहा सामने बहुधा सुरुवातीच्या फेऱ्यांतले असणार. पुढच्या फेरीतल्या तोडीच्या संघासमोर तुमची सरासरी दीड गोल आणि त्यांची एक गोल धरली, तर शक्यता अशा पडतात : तुम्ही जिंकता ४९ टक्के, बरोबरी २६, हार २५. गोल-सरासरीवरून हे टक्के काढायच्या पद्धतीला पॉयसाँ वितरण म्हणतात, बारावीच्या गणितातून किंवा स्प्रेडशीटमधून ते सहज निघतं. बाद फेरीत बरोबरी सुटते पेनल्टी शूटआउटवर, आणि तो निम्मानिम्मा मामला समजा. म्हणजे ४९ अधिक १३, ६२ टक्के. उघड उघड दीडपट चांगल्या संघाची ही अवस्था! असे तीन सामने ओळीनं जिंकण्याची शक्यता २४ टक्के. बास्केटबॉलमध्ये सत्तरेक ताबे असतात, चांगला संघ शेवटी वर येतोच. फुटबॉलमध्ये एक ढोपरावर लागून वळलेला चेंडू पुरतो. म्हणून दोन्ही खेळांचा अंदाज एकाच आवाजात सांगू नये. बास्केटबॉलमध्ये 'उपांत्य फेरी' म्हणता येतं, फुटबॉलमध्ये 'दुसरी फेरी ते उपांत्य' इतकी सैल गाठ ठेवावी.

तुमच्याकडून गोवा जवळ. तिकडच्या संघांशी सराव सामने खेळत असाल तर त्यातला निकाल वहीत वेगळ्या पानावर ठेवा. गोव्यात फुटबॉल हा राज्याचा खेळ आहे, तिथल्या क्लबकडून ०–४ हरणं हे विभागीय स्पर्धेत तुमचं काय होईल ते सांगत नाही. पण त्या सामन्यात तुमच्यावर किती फटके आले आणि तुमचे मधले खेळाडू ताबा किती वेळ टिकवू शकले, हे आकडे सोन्यासारखे.

जून-जुलैत सरावाला तीस-तीस पोरं. गणपती झाले की मैदानावर आठ. अंदाज नेमका कधी करावा?
— फुटबॉल प्रशिक्षक, मालवण

आमच्या मते, आपल्या किनाऱ्यावर अंदाज चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सूत्रात ते सापडणार नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. किनाऱ्यावरची पोरं तेव्हा मोकळी असतात, आणि बऱ्याच संघांतले सगळ्यात दमदार पाय त्यांचेच. ऑगस्ट लागला, नारळी पौर्णिमा झाली, की होड्या पाण्यात आणि तुमचा लेफ्ट बॅक ट्रॉलरवर. वरच्या गावांतली पोरं उलटी : जुलैत लावणीला शेतात, मग ऑगस्टात मैदानावर. गणपतीत चाकरमानी आले की कुणीच नाही, भजनं आणि आरत्या. ऑक्टोबरात भातकापणी. आता तुमच्या विद्यापीठाचं वेळापत्रक यावर ठेवून बघा. सामना कुठल्या खिडकीत पडतो त्यावरून अकरा जणांची यादी बदलते.

करायचं ते असं. हजेरीपटावर प्रत्येकासमोर शेत, होडी, दुकान किंवा काहीच नाही, असा एक शब्द लिहा. सामन्याच्या आठवड्यात तो येण्याची शक्यता शंभरात किती, ते त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून मांडा. मग बेरीज करा. बावीस नावांची बेरीज चौदा आली तर तुमचा संघ चौदाचा आहे. अंदाज त्या चौदांवर करा. कागदावर बावीस असू देत. सात जणांखाली संघ गेला तर फुटबॉलचा सामनाच होत नाही, इतकं टोक गाठायची वेळ येऊ नये.

दुसरी गोष्ट मैदानाची. जूनमध्ये चिखलात लांब फटके मारणारा संघ राजा असतो, कारण साचलेल्या पाण्यात जमिनीवरचा पास बसतो. पाऊस सरल्यावर तेच मैदान सड्यावरचं असेल तर जांभ्याचे खडे वर येतात, चेंडू उसळी खातो आणि छातीवर चेंडू घेता येणाऱ्याची किंमत वाढते. जुलैत बघितलेल्या खेळावरून नोव्हेंबरचं भाकीत करू नका. अंदाजाची पहिली ओळ जुलैत लिहिली तरी आकडा गणपतीनंतरच्या शेवटच्या वीस सरावांच्या हजेरीवरूनच बांधा.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली दोन मुलं आत्ताच सीनियर संघापेक्षा चांगली खेळतात. त्यांना धरून अंदाज करावा का?
— पालक, चिपळूण

यंदा नाही. अकरावी-बारावीची मुलं शालेय क्रीडा स्पर्धांत १९ वर्षांखालील गटात खेळतात, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाही. पुढच्या वर्षासाठी मात्र तेच तुमचं सगळ्यात खात्रीचं बियाणं. फक्त बारावीनंतर ती तिथेच राहतील का ते विचारा. इंजिनीअरिंगला लोणेऱ्याला किंवा शेतीला दापोलीला गेली तर विद्यापीठच वेगळं, मग ती तुमच्याविरुद्धही खेळणार नाहीत. निम्मी राहतात असं धरलं तर फार चुकत नाही.

मुलींच्या बास्केटबॉल संघात सातच जणी आहेत. पहिल्या पाच उत्तम. तीन सत्रं आम्ही पुढे असतो, मग हरतो. यंदा आठवी मिळेल असं दिसत नाही.
— महिला क्रीडा संचालक, खेड

मग अंदाज पहिल्या पाचांचा करू नका, चौथ्या सत्राचा करा. स्कोअरशीटवर प्रत्येक सत्राचे गुण खाली वेगळे लिहिलेले असतात. गेल्या वर्षीच्या सगळ्या सामन्यांत पहिल्या तीन सत्रांचा फरक आणि चौथ्याचा फरक वेगळा मांडा. पहिला अधिक अठरा आणि दुसरा उणे एकवीस असा काही निघाला तर कौशल्य कमी नाही, माणसं कमी आहेत.

सात जणींत २०० मिनिटं म्हणजे प्रत्येकी साडेअठ्ठावीस. संघाचे सामन्याला २१ फाऊल होत असतील तर सरासरी तीन, पण ते सारखे वाटले जात नाहीत. आत खेळणाऱ्या उंच मुलीला चौथा फाऊल तिसऱ्या सत्रातच लागतो, आणि पाचव्याला ती बाहेर. शिवाय एका सत्रात संघाचे चार फाऊल झाले की बचावातल्या पुढच्या प्रत्येक फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो. दमलेली मुलगी पायांऐवजी हातानं बचाव करते, आणि हे सगळं तिथून सुरू होतं.

आठवी मिळणार नसेल तर उपाय वेग कमी करण्याचा. २४ सेकंदांतले वीस-बावीस वापरून शॉट घ्या. सामन्यातले ताबे ७३ वरून ६० वर आले तर पळणंही कमी, फाऊलही कमी. यानं तुम्ही बलाढ्य संघाला हरवण्याची शक्यताही किंचित वाढते, कारण ताबे कमी म्हणजे नशिबाला वाव जास्त. दुबळ्या संघासमोर मात्र हेच उलटतं. तिथे पहिल्या दोन सत्रांत वेगानं खेळून पंधरा गुणांची फट पाडा आणि मग सहाव्या-सातव्या मुलीला उतरवा.

संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या भागातल्या कॉलेजांना बुद्धिबळासारखं रेटिंग देता येईल का? आणि अंदाज बरोबर आला की नाही हे कसं मोजायचं?
— प्राध्यापक, सावंतवाडी

देता येईल. आर्पाद एलो यांची बुद्धिबळासाठीची पद्धत फिफाही २०१८ पासून पुरुषांच्या क्रमवारीला थोड्या बदलानं वापरते. सगळ्यांना १५०० नं सुरुवात करा. दोन संघांत १०० चा फरक असेल तर वरच्याची शक्यता ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६. समजा १५६० आणि १४८० वाले भेटले. ८० चा फरक म्हणजे ६१ टक्के. एका सामन्यावर ३० गुण पणाला लागतात असं धरा. वरचा जिंकला तर त्याला ३० गुणिले उरलेले ०.३९, साधारण १२ गुण द्या, तितकेच दुसऱ्याचे कापा. हरला तर त्याचे १८ जातात. फुटबॉलमधली बरोबरी म्हणजे अर्धा विजय.

दोन ठिकाणी हात आखडा. जूनमध्ये रेटिंग जसंच्या तसं पुढे नेऊ नका. १५०० पासूनचं अंतर, परतलेल्या मिनिटांच्या प्रमाणात कमी करा. १६०० वाल्या संघाची ६० टक्के मिनिटं परतली तर सुरुवात १५६० पासून. आणि तुमच्या तालुक्यातली चार कॉलेजं फक्त आपापसांत खेळत असतील तर त्यांचं रेटिंग मुंबईच्या रेटिंगशी जोडलंच जात नाही. दोन्हीकडे खेळलेला एखादा संघ मध्ये हवा. विभागीय स्पर्धेतून आंतरविभागीय फेरीत गेलेला संघ हा तो दुवा. त्याचा एकही सामना निसटू देऊ नका, हरलेला तर नाहीच.

अंदाजाची पारख करायला प्रत्येक सामन्याआधी टक्का लिहून ठेवा, पेननं. सामना झाल्यावर विजयाला १, हारीला ० धरून फरकाचा वर्ग करा. ७० टक्के म्हणालात आणि जिंकलात : ०.३ चा वर्ग, ०.०९. हरलात : ०.४९. हंगामाची सरासरी काढा. काहीही न बघता दर वेळी 'पन्नास-पन्नास' म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याहून कमी असेल तर पद्धत कामाची. जास्त असेल तर बहुधा आपल्याच संघाला दर वेळी दहा टक्के जास्त दिले गेलेत. तपासायचं असेल तर दुसऱ्या कॉलेजांच्या सामन्यांचे टक्के वेगळे काढून बघा, तिथे सरासरी चांगली येईल.